मदत हवी आहे: डोडाचुऱ्यात पकडलेला ट्रक सोडवायचा आहे

वरुडहून संत्रा भरून इंदूरला गेलेला ट्रक परतीत मंदसौरचा लसूण भरून येत होता. मध्य प्रदेशातच गोण्यांखाली डोडाचुऱ्याची (अफूच्या बोंडांचा भुसा) तीन पोती सापडली. चालक कोठडीत आहे. मालक आमच्या गावचे. एफआयआरमध्ये त्यांचं नाव नाही, कलम 25 (गाडी गुन्ह्यासाठी जाणूनबुजून वापरू देणं) पण लावलेलं नाही.

पंचनाम्यात वजन 51 किलो 200 ग्रॅम, तेही बारदानासकट! एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यात डोडाचुरा 50 किलोच्या वर गेला की व्यापारी मात्रा: 10 ते 20 वर्षं सक्तमजुरी, 1 ते 2 लाख दंड, वर कलम 37 मुळे जामीन जवळपास बंद. त्याखाली 10 वर्षांपर्यंत. तागाचं रिकामं पोतं सात-आठशे ग्रॅम भरतं, म्हणजे निव्वळ माल पन्नासच्या आत येतो.

आरसी, विमा, बिल्टी (मालवाहतुकीची पावती), फास्टॅगचा उतारा जोडून तिथल्या विशेष न्यायालयात अर्ज केला. तपास चालू आहे म्हणून फेटाळला. जानेवारी 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात, खटला संपेपर्यंत गाडी सोडायला या कायद्यात थेट मनाई नाही असं आहे. तो घेऊन पुन्हा जायचं आहे. गाडीवर बँकेचा बोजा आहे, हप्ते चालू आहेत.

कलम 60(3) प्रमाणे मालकासोबत गाडी ताब्यात असलेल्यालाही माहिती नव्हती हे दाखवावं लागतं, आणि इथं तर चालकच आरोपी. मग सुपूर्तनाम्याच्या (खटला संपेपर्यंत गाडी तात्पुरती ताब्यात घेण्याच्या) टप्प्यावरच हे सिद्ध करावं लागतं, की गाडी कायमची सरकारजमा करण्याच्या अंतिम सुनावणीत? आणि निव्वळ वजनाचा मुद्दा कलम 52अ च्या (दंडाधिकाऱ्यांसमोर होणाऱ्या) मोजणीवेळी कोणी मांडायचा, मालकाने की चालकाच्या वकिलाने?