माऊसपॅड घ्यायचाय: पृष्ठभाग कुठला, साइझ कोणता? (घर समुद्राला लागून, मदत हवी आहे)

वाडीतला

नमस्कार मंडळी.

गुहागरला राहतो. घर वाडीत आहे, मागचं बेडं उघडलं की पुळण. हे मुद्दाम आधी सांगतोय, कारण माझा निम्मा प्रश्न त्या खाऱ्या हवेचाच आहे.

पीसीवर मुख्यतः व्हॅलोरंट, चुलतभाऊ सुट्टीत आला की सीएस२ (काउंटर-स्ट्राइक २), दोन्ही नेमबाजीचे गेम. माऊस हलका, वायरलेस, ८०० डीपीआयवर ठेवलेला (एक इंच सरकला की ८०० काउंट मोजतो). व्हॅलोरंटमधली सेन्सिटिव्हिटी (माऊस हलला की नजर किती फिरावी ते) ०.३५. पॅड मात्र कधीतरी कीबोर्डबरोबर फुकट आलेला, २५ × २१ सेंमीचा कापडी तुकडा.

थंडीत तो बरा चालतो. मृग लागला की त्याचं तंत्र बिघडतं. मोठ्या हालचालीत काही जाणवत नाही, घोळ आहे तो बारीक हालचालीत. क्रॉसहेअर (नेम धरायची खूण) समोरच्याच्या डोक्याशेजारी येऊन थांबतो, आता एवढासा सरकवायचा असतो आणि माऊस आधी जागचा हलतच नाही. जरा जोर लावला की सुटतो तो थेट डोक्याच्या पलीकडे. तोवर आपण आडवे. श्रावण सरला, ऊन पडलं की पुन्हा ठीक. मनगट पॅडला चिकटतं तो त्रास वेगळाच.

टेबल सनमायकाचं, तीन फूट बाय दीड फूट. त्यावर फुल साइझ कीबोर्ड आणि मॉनिटरचा स्टँड. बजेट दोन हजारांपर्यंत. चिपळूणच्या दुकानांत दोनच प्रकार दिसले, एक काळा आणि एक गाडीचं चित्र असलेला. हात लावून बघायची सोय नाही, ऑनलाइनच मागवावा लागणार. आणि ऑनलाइन सगळ्याच पॅडवर 'स्मूथ ग्लाइड, परफेक्ट कंट्रोल' लिहिलेलं असतं, त्यातून काय कळणार?

तर कापडी घ्यावा, हायब्रिड, की काचेचा? आणि ९० × ४० चा लांबलचक घेण्यात काही अर्थ आहे का? एसी लावा असं कृपया कोणी सुचवू नका, पावसात आमच्याकडे वीज पाहुण्यासारखी येते.

डीपीआय८००

साइझचं आधी बघू, ते मोजता येतं.

व्हॅलोरंटमध्ये सेन्सिटिव्हिटी १ असेल तर माऊसच्या एका काउंटला नजर ०.०७ अंश फिरते. तुमचे ८०० × ०.३५ म्हणजे २८०. माऊस एक इंच सरकला की १९.६ अंश. पूर्ण गिरकीला १८.४ इंच, म्हणजे सुमारे ४७ सेंमी. मागे वळायला त्याच्या निम्मे, साडेतेवीस.

आता तुमचा पॅड २५ सेंमी रुंद. माऊस मधोमध ठेवला तर एका अंगाला साडेबारा सेंमी, त्यातून माऊसची अर्धी रुंदी गेली. उरले नऊ-साडेनऊ. तेवढ्यात सत्तरएक अंश फिरता, मग माऊस उचलून परत मध्ये आणायचा. पाऊस असो नसो, या पॅडवर तुम्ही मार खाणारच होतात!

४५ × ४० चा घेतलात तर एका अंगाला दीडशे अंशांच्या आसपास मिळेल. या सेन्सिटिव्हिटीला तेवढं पुरे. लॉजिटेक जी६४० (४६ × ४०), स्टीलसीरीज क्यूसीके लार्ज आणि रेझर गिगँटस व्ही२ लार्ज (दोन्ही ४५ × ४०) हे सगळे त्याच मापाचे.

९० × ४० चं म्हणाल तर टेबल तेवढंच आहे, माऊसला जागाही तेवढीच राहणार. वाढलेलं कापड कीबोर्डखाली जातं. दिसायला छान दिसतं, बाकी काही नाही. खरी अडचण वेगळी आहे: फुल साइझ कीबोर्ड ४४-४५ सेंमी, पॅड ४५, आणि टेबल ९१. म्हणजे कडेला कड. कीबोर्ड तिरका करा, किंवा पुढेमागे नंबरपॅड नसलेला घ्या, त्यात आठ-नऊ सेंमी सुटतात. खोलीकडून पॅडची मागची कड मॉनिटरच्या स्टँडखाली जाईल, जाऊ दे. व्हॅलोरंटमध्ये माऊस वर-खाली फारसा जात नाही.

मागवण्याआधी वर्तमानपत्रातून ४५ × ४० चा तुकडा कापून टेबलावर चिकटवा आणि सध्याचा पॅड त्यावर ठेवून दोन-चार गेम खेळा. कोपर कुठे येतं, कीबोर्ड कुठे ढकलावा लागतो, ते लगेच कळतं.

खारट

मी रत्नागिरीचा, शिकवतो रसायनशास्त्र. गेमिंगमधलं मला ओ की ठो कळत नाही, मुलगा खेळतो म्हणून धागा उघडला. पण तो जो 'आधी हलत नाही आणि मग सुटतो' प्रकार आहे ना, त्यात बोलायला थोडी जागा आहे.

माऊसपॅडचं वरचं कापड बहुतेक पॉलिस्टरचं असतं. पॉलिस्टर ओलावा जवळजवळ धरत नाही. प्रमाणित हवेत सुती कापड स्वतःच्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के पाणी धरून ठेवतं, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. मग पॅड ओला कसा होतो? त्यावरच्या मिठाने. अर्धं मीठ तुमच्या घामाचं, अर्धं वाऱ्याबरोबर समुद्रावरून आलेलं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, तेच इथे धाग्याधाग्यात चालतं. शिवाय समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं, ते तर त्याहून कितीतरी कोरड्या हवेतही पाणी ओढतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आर्द्रता ऐंशीच्या खाली क्वचितच येते. त्यात घामाबरोबर आलेलं त्वचेचं तेल आणि धूळ. या सगळ्याचा मिळून जो चिकट थर होतो, तो माऊसच्या पायांना (खालच्या गुळगुळीत पट्ट्यांना) धरून ठेवतो. थांबलेल्या माऊसला जास्त, चालत्याला कमी.

तेव्हा नवीन पॅड घेण्याआधी हाच एकदा धुऊन बघा. नुसतं कोरडं फडकं मारून मीठ जात नाही, पाणी लागतं.

काचवाला

मी पनवेलला. थेट काचेचा घ्या, विषय संपवा. काच पाणी पीत नाही, धागा नाही, बुरशी नाही. जुलैतही जानेवारीसारखीच चालते. पुसली की नवी.

डीपीआय८००

@काचवाला, अर्धंच सांगितलंत. काचेवर माऊस भलताच सटकतो. तो सुटायला हलका, हे खरं, पण थांबवायचा सगळा भार हातावर येतो. ट्रॅकिंगच्या, म्हणजे हलत्या माणसावर नेम धरून ठेवायच्या गेमला ठीक. व्हॅलोरंटमध्ये कोपऱ्यावर क्रॉसहेअर धरून बसायचं असतं, तिथे नवख्याला महिनाभर रडवेल. माऊसखालचे टेफ्लॉनचे पाय काचेवर लवकर झिजतात, ते पुन्हा मागवत बसा. मधे वाळूचा एक कण आला तर आवाज ऐका. यांच्या घरामागे पुळण आहे म्हणतात! आणि घामट हात काचेला कापडापेक्षा जास्त चिकटतो. शिवाय चांगल्या काचेला दोन हजार पुरत नाहीत.

काचवाला

बजेटचं मान्य. वाळूचंही मान्य. हात चिकटू नये म्हणून मी वेगळी पातळ बाही घालतो.

वाडीतला

@खारट सर, तुमचं वाचून काल पॅड नळाखाली धरला. भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून चोळला तर जे पाणी निघालं ते सांगण्यासारखं नाही. रात्रभर पंख्याखाली ठेवला. आज दुपारी खेळलो, पहिले काही राउंड अगदी थंडीतल्यासारखा चालला. संध्याकाळी पुन्हा थोडा जड वाटला, पण आधीइतका नाही. म्हणजे निदान कापडाला शिव्या घालायचं कारण नाही.

प्रश्न मात्र उरतोच: जाड विणीचा घ्यावा की बारीक? आणि हायब्रिड म्हणजे नेमकं काय?

डीपीआय८००

हायब्रिड म्हणजे कापडाचीच वीण, पण ताठ किंवा वर लेप दिलेली. हाताला खरखरीत लागते. पाणी पटकन आत जात नाही, कापडापेक्षा वेगवान, काचेपेक्षा संथ. रेझर स्ट्रायडर त्यातला. दमट हवेला चांगले, पण लेप वापराने झिजतो आणि जिथे हात सारखा फिरतो तिथला भाग आधी गुळगुळीत होतो. मग मध्ये एक चाल, कडेला दुसरी. मला ते आवडत नाही.

जी६४० ची वीण जरा उठावदार आहे, बोट फिरवलं की जाणवते. क्यूसीके बारीक विणीचा, मऊ, संथाकडे झुकणारा. चिकट थराचा त्रास बारीक, दाट विणीवर जास्त होतो असा माझा अनुभव. पायांचा कापडाशी संपर्क जास्त येतो, दुसरं काय. उठावदार वीण टेकते कमी जागी. तुमच्या हवेला मी तशी वीण घेईन.

मऊपणाही बघा. जाड, मऊ पॅडवर दाब दिला की माऊस रुततो आणि पायांच्या कडा कापडात घुसतात. घामट हाताने आपण नकळत जास्त दाबतो. क्यूसीके हेवी ६ मिमी जाड आहे, बोटं बुडतात. तुम्हाला २-३ मिमीचा बरा.

आंबोलीकर

जपानी आर्टिझन घ्या. एकाच कापडात एक्ससॉफ्ट, सॉफ्ट आणि मिड असे मऊपणाचे तीन प्रकार मिळतात. त्यांच्या मॉडेलांपैकी हिएनची वीण खरखरीत, झीरोची संथ.

डीपीआय८००

दोन हजारांत?

आंबोलीकर

नाही. पण स्वप्नं बघायला पैसे पडत नाहीत.

मालवणी तिखट

अरे बाबा, पावसात धुवलेलो पॅड सुकवतलंस खंय, ता आधी सांग! बाकी सगळां मागाहून.

(आता सगळ्यांना कळेल असं लिहितो.) मी मालवणात गेमिंगचं छोटं दुकान चालवायचो, चार पीसी होते. आषाढात धुतलेला पॅड दोन-दोन दिवस वाळत नाही. वरून कोरडा लागतो, पण कापडाखालच्या रबरी फोममध्ये पाणी राहतं. तसाच टेबलावर टाकलात की खालून वास सुरू, मग सनमायकावर काळे ठिपके. चुलीजवळ किंवा गीझरवर वाळवायला गेलात तर रबर वाकडं होतं, कडा वर उचलतात आणि मग कायमच्या उचललेल्या राहतात.

म्हणून माझं म्हणणं ऐका. दोन हजारांचा एक भारी पॅड घेऊ नका. त्याच पैशात एकाच मॉडेलचे दोन साधे घ्या, ४५ × ४० चे. एक टेबलावर, एक वाळत. मॉडेल एकच हवं, नाहीतर दर आठवड्याला हाताला नवी सवय. आम्ही प्रत्येक पीसीमागे दोन ठेवायचो. गिऱ्हाइकाला फरक कळायचा नाही.

धुण्याची पद्धत: कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, तोही विणीच्या दिशेने. पिळायचा नाही. जाड टॉवेलमध्ये गुंडाळून वरून दाबायचा, निम्मं पाणी तिथेच निघतं. मग खाटेच्या नवारीवर आडवा, वरून पंखा, दोन्ही बाजूंनी हवा लागली पाहिजे. दोरीवर टांगू नका, घडी पडते. रोजचं म्हणाल तर खेळून झालं की घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्याने एकदा पुसा, लगेच कोरड्याने. सर म्हणतात ते मीठ त्याने निघतं, आणि पूर्ण धुणं मग महिन्याने केलं तरी चालतं.

मनगटासाठी गेमिंगची बाही वगैरे मागवू नका. दुचाकीवर उन्हासाठी घालतात त्या पातळ बाह्या बाजारात कुठेही मिळतात, तीच घाल उजव्या हातात. अंगठ्यासाठी भोक असलेली घेऊ नकोस, तळव्यावर गोळा होते.

खारट

फोममध्ये राहिलेल्या पाण्याचं यांनी सांगितलेलं फार महत्त्वाचं आहे. शेवटचं पाणी साबणाचं नको, दोनदा स्वच्छ पाण्यातून काढा. साबण राहिला तर तोही ओलावा धरतो. आणि विहीर पुळणीला लागून असेल, पाणी मचूळ असेल, तर शेवटचं पाणी पागोळीचं घ्या. पावसाचं पाणी आहे, त्यात मीठ नगण्य.

वाडीतला

विहीर मचूळच आहे, उन्हाळ्यात तर चहासुद्धा खारट होतो. पागोळीखाली बादली लावून ठेवली आहे, आईने विचारलं कशाला, सांगितलं तर हसली.

दोन साध्यांचं पटलं. उठावदार विणीचे, ३ मिमी, ४५ × ४० चे दोन बघतो. पेपर कापून चिकटवला होता, कीबोर्ड तिरका करून बसतंय सगळं. फक्त कोपर टेबलाच्या कडेवर येतं.

एक शेवटचं: कड शिवलेली घ्यावी की साधी कापलेली? शिवलेली मनगटाला घासते असं एका व्हिडिओत ऐकलं.

मालवणी तिखट

शिवलेली घे. आपल्या हवेत कापलेल्या कडेचं कापड रबरापासून सुटतं, कोपऱ्यातून सुरुवात होते. घासते ती जाड दोऱ्याची, कापडाच्या वर उभी राहिलेली शिवण. मागवताना रिव्ह्यूमधले कडेचे फोटो मोठे करून बघ, शिवण कापडाच्या पातळीत असली की झालं. आणि तसंही पॅड टेबलाच्या कडेपासून दोन बोटं आत सरकव, मग शिवण मनगटाखाली न येता हाताखाली येते, तिथे बाही असतेच.

डीपीआय८००

आत सरकवलात तर मागे माऊसला स्टँड आडवा येईल. त्यापेक्षा कड टेबलाच्या कडेशी बरोबर लावा आणि खुर्ची दोन इंच वर घ्या, कोपर सुटेल.

वाडीतला

खुर्ची लाकडी आहे, वर-खाली होत नाही. उशी घालून बघतो.