जाड तुळई टिकते, पण माळवदाचं वजन?

जाड लाकूड लोखंडापेक्षा आगीत जास्त वेळ टिकतं, असं म्हणतात. तुळईपुरतं ते खरं आहे. लाकूड मिनिटाला पाऊण मिलिमीटरच्या आसपास कोळसा होत आत जातं, तर लोखंडाची ताकद 550-600 अंशांना निम्म्यावर येते. पण आपल्या सोलापूरकडच्या जुन्या वाड्यांत तुळईवर नुसतं छप्पर नसतं, माळवद असतं, म्हणजे मातीचं जाड सपाट छत. फूटभर पांढरी माती म्हणजे चौरस मीटरला साधारण 500 किलो. 10 बाय 10 फुटांच्या खोलीवर साडेचार टन! त्यात बंबाचं पाणी मुरतं, लिटरमागे एक किलो वजन वाढतं, आणि खाली लाकूड बारीक होत असतं.

उत्तर कसब्यातल्या आमच्या वाड्यात माजघराला आग लागली तेव्हा माळवदावर उभं राहून काहीच कळत नव्हतं. माती उष्णता अडवते, पायाला चटका बसत नाही, त्यामुळे जवान वर चढून पाणी मारत होते. आजोबा खालून ओरडले, "पोरांनो, आधी खाली या, भिंतीतली टोकं वाळवीनं खाल्लीत!" ते उतरले. आग विझल्यावर, पहाटे, मधली तुळई मातीसकट खाली आली. तुळईचा मधला भाग अजून जाडजूड होता, तुटली ती भिंतीत घुसलेल्या टोकाशी. म्हणून अशा घरात बंब आला की घरच्यांनी आधी माळवद आहे हे सांगावं, आणि कुठली तुळई कमजोर आहे तेही. बाहेरून आलेल्या जवानाला ते दिसणं शक्य नसतं.