मदत हवी आहे: गाडीत धुराचा वास, घाटात लेकीला उलट्या

आई-बाबा साताऱ्याला असतात, त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी पुणे-सातारा होतंच. दिवाळीपासून लेकीला (वय ७) खंबाटकी चढताना उलट्या व्हायला लागल्या. गाडी लागते म्हणून आवळा सुपारी झाली, लिंबू हुंगवून झालं. पण आधी तिला कधीच गाडी लागत नव्हती. गेल्या रविवारी बायकोचं डोकं ठणकायला लागलं, माझंही जड झालं. सुरूर फाट्यावर चहाला उतरलो आणि थोड्या वेळात तिघंही ठीक. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

गाडी २०१२ची डिझेल हॅचबॅक, १ लाख ४० हजार किमी झालेली. वास सिग्नलला उभं असताना आणि घाटात जास्त, हायवेला वेग घेतला की जवळजवळ नाही. ब्लोअर बाहेरची हवा घेत असेल तरच येतो. इतके दिवस पुढच्या ट्रकचा धूर समजत होतो. डिकीचं रबर बीडिंग बदललं, केबिन फिल्टर बदलला, सायलेन्सरला एक भोक होतं ते वेल्डिंग करून घेतलं. फरक शून्य. पीयूसी पास आहे. गॅरेजवाला म्हणतो, "जुन्या गाडीत एवढं चालायचंच." काय बघू?

डिझेलदादा:
सायलेन्सर सोडा. तो गळका असता तर वास मागून, गाडीच्या पोटाखालून आला असता. तुमचा ब्लोअरमधून येतोय, म्हणजे गळती बॉनेटखाली आहे. बाहेरची हवा आत घ्यायची जाळी पुढच्या काचेच्या बुडाशी, वायपरजवळ असते. इंजिनवरचा धूर तिथूनच खेचला जातो. वेगात वारा तो उडवून लावतो, उभ्या गाडीत तो साचतो. माझा संशय इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलखालच्या तांब्याच्या वॉशरवर. सकाळी थंड इंजिन चालू करून बॉनेट उघडा. चफ-चफ आवाज येतोय का ऐका आणि नोझलच्या बुडाशी डांबरासारखं काळं काही साठलंय का बघा. साबणाचं पाणी सोडलंत तर बुडबुडे येतील. तिथे काही नसेल तर मॅनिफोल्डचं (इंजिनातला धूर सायलेन्सरकडे नेणारा भाग) पॅकिंग.
पीयूसीचं म्हणाल तर ते नळीच्या टोकाला मोजतात. वाटेत गळणारा धूर त्यात दिसणार कसा?

माई_कोथरूड:
तोपर्यंत लेकीला त्या गाडीत बसवू नका, आधी हे. डिझेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू पेट्रोलपेक्षा कमी असतो, पण असतो. त्याला स्वतःचा वास नाही. तुम्हाला येतो तो बाकीच्या धुराचा. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या २०० पटींहून जास्त घट्ट धरतो. डोकेदुखी, मळमळ, गुंगी आली की थांबायचं आणि सगळ्यांनी खाली उतरायचं. आतली हवा फिरवायचं बटण दाबून वास लपवू नका, आत शिरलेला वायू तिथेच फिरत राहतो. आणि गाडी तपासायची ती मोकळ्यावर, बंद पार्किंगमध्ये नाही.

मूळ धागाकर्ता:
दादा, साष्टांग नमस्कार! आज सकाळी सहाला गेटबाहेर गाडी काढून बघितलं. तिसऱ्या नोझलभोवती काळा, चिवट थर, नखाने खरवडला तरी निघेना. आवाज अगदी तुम्ही लिहिलाय तसा. साबणाचं पाणी टाकल्यावर तर फेसच आला. (वॉचमनला वाटलं मी इंजिन धुतोय.) आता एकच वॉशर बदलू की चारही?

डिझेलदादा:
चारही. वॉशर स्वस्त असतात, मजुरीच जास्त. खालची बैठक साफ केल्याशिवाय नवीन बसवू देऊ नका, नाहीतर महिन्याभरात पुन्हा चफ-चफ. जुना वॉशर तापवून परत घालतो म्हणाला तर गाडी उचला आणि दुसरीकडे न्या. कार्बनने नोझल जाम झाली असेल तर पुलरनेच काढायला सांगा, हातोडीने ठोकून नाही.

मूळ धागाकर्ता:
बुधवारी दुसऱ्या गॅरेजला टाकतोय. या रविवारी साताऱ्याला एसटीने. घाटात लेकीला एसटी लागली की नाही, ते इथे कळवतो.