पूरग्रस्ताचं पात्र: प्रेक्षक हळहळतात, पण त्याच्या बाजूनं विचार करत नाहीत

पंचगंगा_घाट (प्रश्न)

नमस्कार मंडळी. ऑगस्ट २०१९ च्या कोल्हापूरच्या महापुरावर एकांकिका बसवतोय. ४० मिनिटं, पाच पात्रं. मुख्य पात्र प्रयाग चिखलीच्या बाजूचा पन्नाशीतला शेतकरी. दारात बोट आलीय, बायको-पोरं बसलीत, पण हा चार म्हशी सोडून यायला तयार नाही. वाचन ऐकणाऱ्यांच्या प्रतिक्रिया दोनच: "बिचारा!" नाहीतर "येडा हाय, जीव वाचवायचा सोडून म्हशी काय धरून बसलाय?" दोन्हीत तो माणूस लांबच राहतो. संहितेत आणि अभिनयात नेमकं काय बदलावं? शिवाय पूर सोसलेल्या काही कुटुंबांना भेटायला जाणार आहोत. तिथं काय विचारावं, काय टाळावं?

गंगावेस

दादा, अडचण पहिल्याच प्रसंगात आहे. बोट दारात असताना पडदा उघडला की प्रेक्षकाला संकट दिसतं आणि हट्ट दिसतो. संकटाची कीव येते, हट्टाचा राग येतो. त्या माणसाचा हिशोब मात्र कळलेलाच नसतो. तो आधी मांडा.

पूरपट्ट्यातल्या माणसाच्या डोक्यात २००५ च्या पाण्याची खूण पक्की होती. कुठल्या पायरीला लागलं, कुठल्या खिडकीशी थांबलं, सगळं पाठ. याचा गोठा त्या खुणेच्या वर असेल, तर "हितवर पानी येत न्हाई" हे त्याचं बोलणं अनुभवावरून काढलेला सरळ निष्कर्ष ठरतो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३, हे कोल्हापुरातल्या पोरासोरांना ठाऊक. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं हेही तुमच्या प्रेक्षकाला माहीत आहे, म्हणून ते लपवण्याची धडपड करू नका. नेपथ्यात भिंतीवर २००५ ची खूण ठळक दाखवा. पहिली दहा-बारा मिनिटं तो कामं करता करता त्या खुणेकडे बघतो, पाणी अजून दोन हात खाली आहे म्हणून वैरण वर चढवतो, धार काढतो. पाणी खूण ओलांडतं तेव्हा त्याचा हिशोब चुकतो, आणि तोवर प्रेक्षकानंही तोच हिशोब मांडलेला असतो.

पैशाची बाजू एखाद्या वाक्यात, कामाच्या ओघात येऊ द्या. दूध संस्थेचं दर दहा दिवसांचं बिल हेच घरातलं रोख उत्पन्न. म्हशीवर सोसायटीचं कर्ज. चारातली एक शेवटच्या महिन्यातली गाभण (म्हैस साधारण ३१० दिवस गाभण असते), म्हणजे जवळजवळ वर्षभर पोसलेलं जनावर आता दावणीला. एवढं पुरे. आजारी बाप, वारलेला भाऊ असली जोडदुःखं घालू नका. दुःख वाढवलं की कीव वाढते, माणूस जवळ येत नाही.

आणि त्याला करायला काहीतरी द्या. पाणी चढलं की दावं कापून जनावर मोकळं सोडतात. बांधलेलं बुडतं, सुटलेलं पोहून वाचू शकतं, पण परत सापडेलच असं नाही. त्याच्या हातात विळा द्या. तीन दावी तो कापतो, चौथ्याशी, गाभण म्हशीपाशी, थांबतो. आता प्रेक्षक त्याच्याबरोबर निवड करतोय.

शेवटची सूचना: "सगळं गेलं हो त्याचं" छापाची वाक्यं इतर पात्रांच्या तोंडून काढून टाका. रंगमंचावर कुणी हळहळलं की प्रेक्षकाचं काम परस्पर उरकतं.

तालीम_मास्तर

गंगावेस यांच्याशी सहमत. अभिनयाचं सांगतो.

नाट्यशास्त्रात भरतानं रसासाठी विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव (मनात येऊन जाणारे) असे तिन्ही मागितलेत. बहुतेक हौशी संघ करुण प्रसंगात फक्त अनुभाव, म्हणजे भावनेच्या बाहेर दिसणाऱ्या खुणा, देतात: रडणं, कापरा आवाज, जमिनीवर बसकण. विभाव, म्हणजे ते सगळं ज्यामुळं होतंय ते, धूसर राहतं. मग प्रेक्षकाला रडणारा नट दिसतो. व्यभिचारी भाव ३३ आहेत आणि आपण त्यातल्या दैन्यावरच मुक्काम ठोकतो. या पात्राला वितर्क द्या (पाणी किती चढेल?), स्मृती द्या, गर्व द्या (माझा गोठा मी विचार करून बांधलाय), धृती (धीर) द्या. सगळ्यात उपयोगी अवहित्थ, म्हणजे मनातलं लपवणं. भीती बायकोला दिसू नये म्हणून तो तिच्यावर खेकसतो. हे खेकसणं गाळू नका. गोड माणसाची दया येणं सोपं असतं. थोडा आडमुठा माणूस समजून घ्यायला प्रेक्षकाला कष्ट पडतात, आणि त्या कष्टातच तो आत शिरतो.

तालमीत खरं सुती दावं आणा, पाण्यात भिजवा, घट्ट गाठ मारा. भिजलेली गाठ सुटत नाही, बोटं घसरतात, वेळ जातो. गाठ न सुटण्याचा त्रास नटाला खराच झाला की चेहऱ्यावर वेगळं काही आणावं लागत नाही. पहिल्या तालमींत संवाद नकोत, नुसती कामं. करुण पार्श्वसंगीत शेवटच्या तालमीपर्यंत लावू नका. ते आधी आलं की नट त्याच्यावर रेलतो.

पूररेषा

थोडं विरुद्ध बोलतो. एका माणसाच्या इतकं आत शिरलं की बाकीचे दिसेनासे होतात. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेन्स्टाइन आणि पॉल स्लोविक यांचा २००७ चा प्रयोग बघा. मालीतल्या एका मुलीची माहिती वाचून लोकांनी जास्त मदत दिली, लाखो भुकेल्यांचे आकडे वाचून कमी. मुलीच्या माहितीशेजारी आकडे ठेवले तर तिच्यासाठीची मदतही घटली. यावरून एक ताबडतोब: मागच्या पडद्यावर बाधित गावांचे आकडे झळकवू नका, प्रसंग थंड पडेल. पण त्याच प्रयोगाची दुसरी बाजूही घ्या. चेहरा मिळाला त्याला आपला जीव तुटतो, चेहरा नसलेला वाट बघत राहतो.

म्हणून बोटवाल्याला नुसता निरोप्या ठेवू नका. त्याच्या मागं पुढच्या गल्लीत एक बाळंतीण आणि दोन म्हाताऱ्या माळ्यावर अडकल्यात. इथं घालवलेली प्रत्येक दहा मिनिटं त्यांच्या वाट्याची. त्याची घाई खरी असू द्या. तो "मालक, चला की" म्हणून गयावया करत राहिला तर तो नायकाचं दुःख मोठं करण्यापुरताच उरतो. त्यालाही निर्णय द्या: थांबायचं की बोट सोडायची. जर्मन नाटककार ब्रेख्तचा आक्षेप हाच होता, की पात्रात विरघळलेला प्रेक्षक विचार करायचं सोडतो. दोन माणसांचं आपापलं "बरोबर" एकमेकांवर आदळलं की त्याला विचार करावाच लागतो.

ऐकणारी_ताई

भेटींबद्दल लिहिते, समुपदेशनाच्या कामातून.

"मी त्याच्या जागी असतो तर" आणि "त्याला तेव्हा काय वाटत असेल" या दोन वेगळ्या वाटा आहेत. मानसशास्त्रज्ञ डॅनियल बॅट्सन यांनी १९९७ मध्ये दोन्ही तपासल्या. दुसऱ्याचा विचार करणाऱ्यांच्या मनात आस्था जागली. स्वतःला तिथं ठेवणाऱ्यांतही ती जागली, पण सोबत त्यांची स्वतःची अस्वस्थताही वाढली. अस्वस्थ माणूस समोरच्याचं ऐकण्याऐवजी स्वतःला सावरत बसतो. शिवाय तुमच्या घरी म्हशी नसतील तर स्वतःला तिथं ठेवून तुम्हाला "येडा हाय" हेच उत्तर मिळणार. म्हणून कल्पना कमी, विचारणं जास्त.

"कसं वाटलं?" विचारलं की लोक बातमीदाराला दिलेलं उत्तर देतात. त्याऐवजी: त्या दिवशी धार किती वाजता काढली? पहिल्यांदा काय वर चढवलं? बोटीत काय घेतलं, काय राहिलं? जनावरांचं कुणी ठरवलं? वस्तू आणि क्रम विचारला की भावना आपोआप येते, आणि ती किती उघड करायची हे त्यांच्या हातात राहतं.

"मी समजू शकते", "जीव वाचला हे काय कमी", "झालं ते विसरा" ही वाक्यं टाळा. तिन्हींनी बोलणं तिथंच थांबतं. रडू आलं तर गप्प बसा, पाणी द्या, "थांबू या का?" विचारा. नको म्हटलेला विषय पुन्हा काढू नका. शेजाऱ्यांसमोर नुकसानभरपाईचा विषय नको, त्यावरून गावात जुने वाद असतात. सुरुवातीलाच सांगा की हे नाटकासाठी आहे, यातून मदत मिळणार नाही. हे न सांगणं ही फसवणूक होते. एका घरातली गोष्ट जशीच्या तशी उचलू नका. दोन-तीन घरांतले तपशील मिसळा, गाव आणि नातं बदला.

पंचगंगा_घाट

सगळ्यांचे आभार. बोटवाल्याचा प्रसंग नव्यानं लिहायला घेतो. ताई, भेटीला पाचही कलाकार न्यावेत का? आणि रेकॉर्डिंग?

ऐकणारी_ताई

पाच नकोत, दोघं जा. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं ऐकायचं आणि बाहेर पडल्यावर लिहून काढायचं. रेकॉर्डिंग विचारून, तेही दुसऱ्या भेटीत. पहिल्या भेटीला पाऊण तास पुष्कळ. धारेच्या वेळेला जाऊ नका, आणि गोठा दाखवतो म्हणाले तर आधी गोठ्यात जा.