फोल्डरवर उडी मारणारी हत्यारं: सोय की नसती भानगड?

खाडीकाठ (रत्नागिरी):
पावसाळ्यात आमच्याकडे दिवसातून दोनदा लाईट जाते. मशीन पुन्हा सुरू केलं की टर्मिनल (कमांड टाईप करायची खिडकी) घरच्या फोल्डरला, आणि मी 'कामं', मग 'गिऱ्हाईकं', मग पुढचं काय काय टाईप करत बसतो. कंटाळून झॉक्साईड घातलं, म्हणजे 'झेड' आणि फोल्डरच्या नावाचा तुकडा दिला की आधी गेलेल्या फोल्डरात थेट नेणारं हत्यार. पहिल्याच 'झेड'ला उत्तर आलं, कमांड नॉट फाउंड. अर्धा दिवस गेला तेव्हा उमगलं. प्रत्येक प्रोसेसचं, म्हणजे सुरू असलेल्या प्रोग्रामचं, चालू फोल्डर तिचं स्वतःचं असतं, पोटची प्रोसेस शेलला (आपण टाईप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामला) हलवू शकत नाही. फोल्डर बदलणारी सीडी ही कमांड शेलच्या आतच बसवलेली असते ती याचसाठी.

म्हणजे झॉक्साईड एसटी स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीसारखं. गाडी कुठल्या फलाटावर ते सांगेल, चालत आपणच जायचं. ते चालणं 'झेड' नावाचं फंक्शन करतं, आणि ते शेलमध्ये येतं बॅशआरसीच्या (बॅश या शेलच्या सेटिंगच्या फाईलच्या) शेवटी घातलेल्या ईव्हॅलच्या ओळीतून; ती ओळ झॉक्साईडने छापलेलं शेलमध्येच चालवते. फिश हा दुसरा शेल वापरणाऱ्यांनी तीच गोष्ट सोर्सला (वाचून चालवणाऱ्या कमांडला) पाईप करायची, म्हणजे पुढे द्यायची. आता मी सीडी जवळजवळ विसरलोय. सगळ्यांनी हे वापरावं असं माझं स्पष्ट मत.

काजूबोंड (मालवण):
साफ नामंजूर. माझ्याकडे भरती-ओहोटीच्या वेळा दाखवणाऱ्या ॲपची दोन फोल्डरं आहेत, 'चालू'मध्ये एक, 'चाचणी'मध्ये एक. दोघांचंही नाव 'भरती'. झेड भरती मारलं आणि जुने लॉग (ॲपच्या नोंदींच्या फाईली) उडवले. चाचणीचे नव्हे, चालूचे! बॅकअप होता म्हणून आज इथे लिहितोय.

मला अंदाजाने नेणारा वाटाड्या नको. सीडीपाथमध्ये (सीडी कुठे कुठे शोधते त्या यादीत) दोन फोल्डरं लिहा, मागे यायला 'सीडी वजा', जास्त खोल गेलात तर पुशडी (जागा लक्षात ठेवून पुढे) आणि पॉपडी (तिथेच परत). वर्षानुवर्षं चाललंय, काही इन्स्टॉल करावं लागत नाही.

खाडीकाठ:
सीडीपाथ एक्सपोर्ट करून (शेलने सुरू केलेल्या बाकी प्रोग्रामांनाही देऊन) बघा एकदा. स्क्रिप्टमधली साधी सीडी भलत्याच 'बिल्ड'मध्ये शिरते, वर पत्ताही छापते. ते मी भोगलंय. आणि तुम्हाला दोन शब्द द्यायला कोणी अडवलं होतं? 'झेड चाचणी भरती'. शेवटचा शब्द शेवटच्या फोल्डरच्या नावात असावाच लागतो, आधीचे शब्द वाटेत कुठेही चालतात, फक्त क्रम तोच हवा. तरी शंका असेल तर झेडआय, एफझेडएफ या निवड करून देणाऱ्या प्रोग्रामची यादी समोर येते, बोट ठेवा.

काजूबोंड:
एक्सपोर्ट करूच नये, नुसतं बॅशआरसीत लिहावं. ते असो. माझा राग झॉक्साईड फोल्डरांना देतं त्या गुणांवर आहे, जास्त गुण असतील तिकडे ते नेतं. तासाभरात गेलेल्या फोल्डरचे गुण चौपट, दिवसाभरातल्याचे दुप्पट, आठवड्यातल्याचे निम्मे, त्याहून जुन्याचे पाव. म्हणजे सकाळी 'भरती' म्हटलं की एक फोल्डर, जेवून आलो की दुसरं. कमांड तीच! याला मी हत्यार म्हणत नाही.

रापण (वेंगुर्ला):
तुमी दोघां भांडा. माझो प्रश्न येगळो: घरच्या मशीनवर झेड चालता, एसएसएच करून सर्वरवर गेलंय की नाय. दोनीकडे बॅश, ओळ दोनीकडे घातलेली. असा कित्याक?

खाडीकाठ:
एसएसएचने शिरलात की लॉगिन शेल मिळतो. तो बॅश-प्रोफाईल वाचतो, बॅशआरसी आपणहून वाचत नाही. प्रोफाईलमध्ये बॅशआरसी सोर्स करणारी ओळ आहे का ते बघा, नसेल तर घाला.

रापण:
नव्हतीच. घातलंय, चलला.

काजूबोंड:
आणि जिथे काहीच इन्स्टॉल करायची परवानगी नाही त्या सर्वरवर? तिथे हात 'झेड' मारत राहतो नि मेंदूला पत्ता आठवत नाही. माझ्या शेजारच्या टेबलावर रोज पाहतो हे.

खाडीकाठ:
हे मात्र खरं, माझंही होतं. म्हणूनच सीडीच्या जागी हे बसवायची सोय आहे ती मी घेतली नाही, वेगळं अक्षरच ठेवलंय. तुमच्या 'चालू'मधल्या 'भरती' फोल्डरसाठी: झेडओ-एक्स्क्लूड-डर्स या व्हेरिएबलमध्ये ते घाला, म्हणजे नव्याने नोंदच होणार नाही. जुनी नोंद 'झॉक्साईड रिमूव्ह'ने काढा. झेडओ-एको 1 केलंत तर उडी मारण्याआधी पत्ता छापतो. दोन्ही व्हेरिएबलं ईव्हॅलच्या ओळीच्या वर हवीत, खाली लिहू नका.

काजूबोंड:
एको लावून बघतो. 'चालू'त मात्र पूर्ण पत्ता टाईप करूनच जाणार.