'भाव ठेव' म्हणजे नेमकं काय ठेवायचं?

सदरकर:
परवा घरी प्रार्थनासभा होती, बायबलातलं नीतिसूत्रे ३:५ वाचलं, "तू आपल्या अगदी मनापासून परमेश्वरावर भाव ठेव, आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नकोस", तर भाचा मध्येच म्हणतो, मामा, किती भाव ठेवायचा? सगळे फिसकन हसले. पोट्ट्याची चूक नाही, भाऊजी नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्याचे अडते, घरात दिवसभर "आज काय भाव निघाला" हेच चालू असते. पण आता भाव म्हटलं की किती जणांना रेट सोडून दुसरं काही सुचते? भरवसा किंवा भिस्त चाललं असतं का?

वऱ्हाडीण:
भाव नका काढू बाप्पा. 'देव भावाचा भुकेला' म्हणणाऱ्या लोकांचाच शब्द आहे तो, बायबलात आला म्हणून परका झाला नाही. भिस्त माणसावर असते, 'सगळी भिस्त मोठ्या पोरावर' असं. आणि भरवसा म्हटलं की मागून म्हैस येतेच, टोणगा घेऊन :)

व्याकरणवेडा:
मला तर 'अवलंबून' खटकते. त्यात लंब आहे, म्हणजे लटकणं. मूळ हिब्रू क्रियापद 'शाअन', म्हणजे टेकणं, अंगाचा भार टाकणं. स्तोत्र २३ मधल्या 'काठी'चा हिब्रू शब्दही याच क्रियापदावरून आलेला. आमच्या आजीच्या काठीचं खालचं रबर झिजलं होतं, कुणाच्या लक्षात नाही, आणि एक दिवस चर्चच्या ओल्या फरशीवर तिनं पूर्ण भार टाकला तेव्हा काठी सर्रकन गेली. नुसती हातात धरून चालत होती तोवर ठीकच वाटत होती ना. यशया ३६ मध्ये मिसर देशाला चेचलेल्या बोरूची काठी म्हटलंय, टेकलं की हातात घुसणारी. बोलणारा शत्रूचा सरदार, पण बोलला खरं.

वऱ्हाडीण:
हे ठीक, पण आमच्या ओळखीत एकानं बायबलातल्या आसा राजाच्या आजाराबद्दलचं वचन दाखवून शुगरच्या गोळ्याच बंद केल्या, मानवी उपाय नको म्हणे.

व्याकरणवेडा:
२ इतिहास १६ पूर्ण वाचायला सांगा त्यांना. आसानं आधी मंदिरातलं सोनं-चांदी काढून अरामच्या राजाला पाठवलं, लढाईत मदत कर म्हणून, आणि द्रष्टा हनानी त्याला रागावला तो हेच 'टेकलास' क्रियापद वापरून. पुढे पायाच्या आजारात त्यानं फक्त वैद्यांना विचारलं, देवाला नाहीच, दोष तिथं आहे. नाहीतर हिज्कीया राजाच्या गळवावर अंजिराचं पोटीस लावा असं खुद्द यशया संदेष्ट्यानं कशाला सांगितलं असतं? गोळी खाऊन भार देवावर टाकता येते की.

सदरकर:
भाच्याला 'भार टाक' असं सांगून पाहिलं, लगेच समजलं. म्हणे, मग बायबलात असंच लिहायचं होतं ना.

वऱ्हाडीण:
लिहिलंय की. स्तोत्र ५५:२२, "तू आपला भार परमेश्वरावर टाक". पुढच्या सभेत त्यालाच वाचायला लावा.