बाबांचा डोळा गेलाय, थ्रीडी स्कॅन करून चेहऱ्याचा भाग बनवतात म्हणे, कोणी केलं का?

वावरवाला_दारव्हा:
नमस्कार मंडळी. बाबांना 2021 च्या मे महिन्यात कोरोना झाला, शुगर आधीपासून होतीच त्यात स्टेरॉइड चाललं, घरी आले अन पंधरा दिवसात काळी बुरशी. नागपूरले ऑपरेशन झालं, जीव वाचला पण उजवा डोळा पापण्यांसकट काढावा लागला, तिथं आता नुसता खड्डा हाय. तेव्हापासून दुपट्टा बांधल्याशिवाय दाराबाहेर पाय टाकत नाहीत. पोळ्याले बैलजोडी तोरणाखाली तेच न्यायचे, आता मी नेतो अन ते खिडकीतून पाहतात, मले ते पाहवत नाही. एका ठिकाणी नकली डोळ्यासाठी नेलं तर चेहऱ्यावर मसाला थापून साचा घेऊ लागले, बाबांना आयसीयूतला मास्क आठवला, अर्ध्यातूनच उठले. भाचा म्हणते आता स्कॅन करून प्रिंटरमधून चेहरा तयार निघतो. खरं हाय का? अन उन्हात टिकते का, आमचं काम सगळं वावरातलं.

सिलिकॉनवाली_नागपूर:
दादा, मी याच कामाच्या लॅबमध्ये आहे. प्रिंटरमधून तयार चेहरा निघत नाही, म्हणजे रोजच्या कामात तरी आम्ही प्रिंटरवर साचाच काढतो आणि त्यात मेडिकल सिलिकॉन भरतो. पण तुमच्या बाबांसाठी स्कॅन एकदम योग्य, कारण चेहऱ्याला काहीच लागत नाही, खुर्चीवर बसायचं, नाक तोंड मोकळं, स्कॅनर आजूबाजूने फिरवतात, काही मिनिटांचं काम. फक्त डावा डोळा उघडा ठेवून समोर एका ठिकाणी बघत राहायचं, कारण कॉम्प्युटरवर त्याच बाजूचा आरसा करून उजवी बाजू बनते. बुबुळ वेगळं बनतं, अॅक्रिलिकचं, हाताने रंगवलेलं, आणि रंग जुळवायला बाबांना खिडकीच्या उजेडात बसवून आम्ही थेंब थेंब रंग मिसळतो, भुवया पापण्यांचा एकेक केस सुईने लावतो, ते मशीनला जमत नाही. एक गोष्ट आधीच बाबांना सांगून ठेवा, हा डोळा मिटणार नाही, हलणार पण नाही.

ऊन हा सिलिकॉनचा वैरी आहे, ऊन घाम विडीचा धूर, वर्ष दोन वर्षात रंग उतरतो, कडा फाटतात. पण फाइल कॉम्प्युटरमध्ये राहते त्यामुळे पुढचा बनवताना बहुतेक वेळा सगळं पहिल्यापासून करावं लागत नाही. वावरातल्या माणसाचा रंग मे महिन्यात वेगळा आणि हिवाळ्यात वेगळा, जमलं तर दोन छटा मागा. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात नाहीतर वर्ध्याजवळच्या सावंगी मेघेच्या दंत महाविद्यालयात प्रोस्थोडॉन्टिक्स विभागात, म्हणजे नकली दात आणि चेहऱ्याचे भाग बनवतात तिथे, आधी विचारा, ऑपरेशनचे कागद आणि सीटीची सीडी सोबत न्या. आणि घरच्या प्रिंटरवर प्लास्टिकचं काही काढून कातडीला लावू नका हात जोडते.

वऱ्हाडची_लेक:
भाऊ, माझ्या मालकांचं नाक कॅन्सरनं गेलं. नाकाले काय दुसरी बाजू नसते आरसा करायले, मग लॅबवाल्यांनी विचारलं घरात नाक कोणाचं सारखं हाय, तर धाकट्या दिराचं नाक स्कॅन केलं, त्यावरून मालकांचं बनवलं. पहिल्या दिवशी लावून घरी आले अन सासूबाईनं दोन्ही लेकांचे चेहरे हातानं चाचपले, बोलल्या काहीच नाही. गमनं चिकटवायचं होतं पण घामानं सुटे, आता चष्म्यालेच जोडून घेतलं. रोज रात्री काढतो, साध्या साबणानं कोमट पाण्यात धुतो, आतली जागा पण पुसतो. डॉक्टर म्हणतात काढता येते हेच बरं, आजार परत आला का ते दिसते.

वावरवाला_दारव्हा:
ताई दोघींचे लय आभार. बाबांना वाचून दाखवलं. पूर्ण ऐकून एवढंच म्हणाले, मसाला नाही ना? मग चाल. सोमवारी पहाटेच्या एसटीनं निघतो. चष्मा इथूनच घेऊन जाऊ का?

सिलिकॉनवाली_नागपूर:
तिथून नका घेऊ, विभागातले सांगतील तशी फ्रेम घ्या, जाड काडीची असली की कडा झाकल्या जातात. काच मात्र पॉलिकार्बोनेटचीच मागा, नंबर नसला तरी. आता एकच डोळा आहे, कपाशीची काडी लागायला किंवा फवारणीचा थेंब उडायला वेळ लागत नाही.